मन, शरीर आणि औषधोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नर्सिंग-फिजिओथेरपी शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून तपासणी टाळू नका. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं असं काही असेल तर आधी दवाखाना गाठा, वाचन नंतर.

१. मानसशास्त्र म्हणजे मानसिक आजारांचा अभ्यास ना? मग बीपी-शुगरच्या पेशंटला त्याचा काय उपयोग?

मानसिक आजार हा मानसशास्त्राचा एक भाग झाला. माणूस शिकतो कसा, काय लक्षात ठेवतो, भीती कशी बसते, सवय कशी लागते, निर्णय कसा होतो, हे सगळंच या शास्त्रात येतं. आता शुगरच्या पेशंटचा एक दिवस बघा. सकाळची गोळी आठवणं, बिनसाखरेचा चहा पिणं, लग्नाच्या पंगतीत जिलेबीला नाही म्हणणं, बोट टोचून शुगर तपासणं, पायाला झालेली जखम अंगावर न काढता दाखवणं. यातलं काहीच डॉक्टर करून देऊ शकत नाहीत. उपचाराचा मोठा भाग पेशंटच्या वागण्यातून होतो, आणि वागणं हाच मानसशास्त्राचा विषय आहे.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून हीच बाजू मांडली. आजार नुसता पेशींमध्ये शोधू नका, शरीर, मन आणि भोवतालची माणसं या तिन्हींचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं होतं. वैद्यकीय महाविद्यालयांत हे आज शिकवलं जातं. गर्दीच्या ओपीडीत एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात, तिथे ते उतरत नाही.

२. सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट आणि काउन्सेलर यांत फरक काय? आधी कोणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात, औषधं देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि ती विचारायला अजिबात संकोच करू नका. समुपदेशक हा शब्द मात्र आपल्याकडे फार सैल वापरला जातो. काही उत्तम शिकलेले असतात, काहींनी चार दिवसांचा कोर्स केलेला असतो.

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

३. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दुखतं. डॉक्टर म्हणतात ‘मानसिक आहे’. म्हणजे मी सोंग करतोय का?

नाही. या पानावरचं हे एक उत्तर तरी घरातल्या सगळ्यांनी वाचावं.

वेदना दुखऱ्या जागेत तयार होऊन मेंदूकडे नुसती पोचवली जाते, असं आपण धरून चालतो. तसं घडत नाही. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांवर नियंत्रण असतं. ते संदेश किती वर जाऊ द्यायचे हे दुसऱ्या संवेदनांवर आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांवरही ठरतं. म्हणून ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं. म्हणूनच रात्री, सगळं शांत झाल्यावर, लक्ष दुसरीकडे नसताना तेच दुखणं वाढल्यासारखं होतं.

सगळ्यात ठोस पुरावा अवयव कापलेल्यांचा आहे. पाय गुडघ्यापासून काढलेला असतो आणि माणूस सांगतो की अंगठ्यात कळ येते. अंगठाच नाही, पण कळ खरी आहे. हात गमावलेल्या काही रुग्णांना न्यूरॉलॉजिस्ट व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात एका पेटीत आरसा उभा करून दिला. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसायला लागलं आणि काहींची आवळून धरलेली ‘मूठ’ सुटली, दुखणं कमी झालं. ज्या वेदनेवर आरशाचा परिणाम होतो ती मेंदूत तयार होते. तरी तिला खोटी कोण म्हणेल?

उलटंही घडतं. कंबरेचा एमआरआय काढला की ‘गादी सरकली’, ‘झीज आहे’ असं लिहून येतं आणि माणूस हादरतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्याही ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत. चित्र आणि वेदना यांचं प्रमाण जुळेलच असं नाही.

‘मानसिक आहे’ हे दोन शब्द ऐकवून पेशंटला परत पाठवणं हा अपुरा उपचार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना विचारा: ‘धोक्याचं काही नाही हे समजलं. मग हे दुखणं कशामुळे टिकून आहे आणि कमी करायला काय करू?’ झोप, हालचाल, भीती, औषधं या प्रत्येकावर काही ना काही करता येतं.

४. टेन्शनने शरीरात नक्की होतं तरी काय?

धोका दिसला की अॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं. लढा किंवा पळा अशी ही तयारी असते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवलं की त्रास वेगवेगळे असले तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखा असतो, आणि तो लांबला तर शरीर थकतं. थोडा वेळ टिकणारा ताण उपयोगाचाच असतो. महिनोन् महिने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहिलं की झोप, शुगर, बीपी आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो.

दोन प्रयोग सांगतो. इंग्लंडमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले. आधी प्रत्येकाचा ताण मोजला होता. ज्यांचा ताण जास्त, त्यांच्यात संसर्गाचं आणि सर्दीचं प्रमाण जास्त निघालं. हा अभ्यास १९९१ सालचा. दुसरा १९९५ चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. अल्झायमरच्या रुग्णाची घरी सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणाऱ्या सुनेला ‘तुला काय झालंय, तू तर धडधाकट आहेस’ असं म्हणण्याआधी त्या नऊ दिवसांचा विचार व्हावा.

५. मग अल्सर टेन्शनमुळेच होतो, बरोबर ना?

बऱ्याच अंशी चूक. पोटातल्या अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हा जंतू पुढे आणला, तेव्हा कोणी मानायला तयार नव्हतं. अखेर मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरच्या पेशंटला आज अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो तो यामुळे.

तरीही ताणाचा संबंध पूर्ण संपत नाही. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्या भागात जठराच्या अल्सरचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. जंतू पोटात असलेल्या सगळ्यांनाच अल्सर होत नाही, आणि कोणाला होतो हे ठरवणाऱ्या गोष्टींत ताणही असू शकतो. पण नुसतं ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून जंतू मरत नाही.

६. छातीत धडधड, घाम, जीव जाईल असं वाटणं. पॅनिक अॅटॅक की हार्ट अॅटॅक, घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखायचं नाही. पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, शुगर-बीपी-तंबाखू यांपैकी काही असेल, किंवा दुखणं हात, जबडा, पाठीकडे जात असेल, तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. पॅनिकचा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि हळूहळू ओसरतो, पण या खुणेवर भिस्त ठेवून घरी बसू नका. बायकांच्या आणि मधुमेहींच्या हार्ट अॅटॅकमध्ये छातीतली ठसठशीत कळ नसूही शकते. ‘हिला टेन्शन आलंय’ म्हणून त्यांनाच जास्त वेळा घरी थांबवलं जातं, हे फार धोक्याचं आहे.

तपासणीत हृदय ठीक निघालं आणि झटके पुन्हा येत राहिले, तर त्यावर बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही चांगली लागू पडतात.

आणखी एक गोष्ट. ‘मुलगा गेल्याचा धसका घेतला’ असं आपण म्हणतो, तेव्हा काही वेळा खरोखर हृदयाला इजा झालेली असते. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा होऊन नीट आकुंचन पावत नाही. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिलं. पाळी गेलेल्या स्त्रियांत हे जास्त दिसतं आणि बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

७. सलाईन लावलं की लगेच तरतरी येते. काही डॉक्टरांच्या तर हातालाच गुण असतो. हे खरं की मनाचे खेळ?

बाटलीपासून सुरुवात करू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या पाच टक्के द्रावणाच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे साखर. उलट्या-जुलाबाने शरीर सुकलं असेल तर ही बाटली जीव वाचवते. पण अंग मोडून आलंय, थकवा आहे, पाणी पोटात ठरतंय, अशा वेळी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तेच काम करतं. मग खाटेवर झोपून तासभर सलाईन घेतल्यावर बरं का वाटतं? विश्रांती मिळाली, कोणीतरी लक्ष दिलं, आणि ‘आता बरं वाटेल’ ही अपेक्षा होती. औषधी घटक नसताना अशा अपेक्षेतून जो फरक पडतो त्याला प्लासिबो परिणाम म्हणतात.

हा परिणाम शरीरातच घडतो. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना नॅलोक्झोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. नॅलोक्झोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारं औषध आहे. म्हणजे अपेक्षेमुळे मेंदूने स्वतःची वेदनाशामकं सोडली होती. इटलीत फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी उलट बाजूने तपासलं. वेदनाशामक रुग्णाला कळू न देता यंत्राने सोडलं, तर डॉक्टरांनी समोर उभं राहून सांगून दिलेल्या इंजेक्शनपेक्षा त्याचा गुण कमी आला. तेव्हा ‘हाताला गुण’ या म्हणण्यात तथ्य आहे. नीट ऐकून घेणारा, विश्वासाने बोलणारा डॉक्टर औषधाचा परिणाम वाढवतो.

आता मर्यादा, कारण ती जिवावर बेतू शकते. २०११ मध्ये बोस्टनमधल्या दम्याच्या रुग्णांना कधी श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप, कधी खोटा पंप, कधी खोटं अॅक्युपंक्चर दिलं, कधी काहीच दिलं नाही. ‘बरं वाटतंय’ असं रुग्णांनी तिन्ही उपचारांत जवळपास सारखंच सांगितलं. फुप्फुसांची क्षमता मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती २० टक्के वाढली होती, बाकी सगळ्यांत सुमारे ७ टक्केच. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं अंतर इतकं असू शकतं. वेदना, मळमळ, थकवा यांत प्लासिबोचा प्रभाव मोठा असतो. जंतू, गाठ, तुटलेलं हाड यांच्यावर तो चालत नाही.

८. गोळी खोटी आहे हे सांगितलं तर परिणाम जातोच ना?

पूर्ण जात नाही, हे अनेकांना पटत नाही. २०१० मध्ये टेड कॅपचक यांच्या गटाने आतड्याच्या आयबीएस या त्रासाच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम होता. गोळी न दिलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणून पेशंटला फसवणं हा प्लासिबोचा आवश्यक भाग आहे, हा समज सोडून द्यायला हवा.

९. औषधाच्या कागदावरचे साइड इफेक्ट वाचले आणि तेच सगळं व्हायला लागलं. असं होतं का?

होतं. प्रश्न ७ मधल्या परिणामाची ही काळी बाजू, नोसिबो. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजने २०२० मध्ये कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांवर केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्रास होतो म्हणून गोळी बंद केलेल्या ६० जणांना बारा महिन्यांच्या बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. रोजचा त्रास शून्य ते शंभर अशा मापाने नोंदवायचा होता. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीत १५.४, खऱ्या स्टॅटिनमध्ये १६.३. म्हणजे त्रास खराच होता, पण त्यातला नव्वद टक्के गोळी घेण्याच्या कृतीतून आला होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

यातून ‘साइड इफेक्ट सगळे मनाचे’ असा अर्थ काढू नका. पुरळ, सूज, धाप, लघवीचा रंग गडद होणं, स्नायूंचं तीव्र दुखणं हे लगेच कळवायचं. बाकी त्रासाची तारखेसह नोंद ठेवा आणि परस्पर गोळी बंद न करता ती नोंद डॉक्टरांना दाखवा.

१०. घरी बीपी ठीक येतं, दवाखान्यात वाढलेलं. खरं कोणतं?

दोन्ही खरी, पण निर्णयासाठी घरच्या नोंदी महत्त्वाच्या. दवाखान्यात १४०/९० च्या वर आणि घरी सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेले, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, आणि मोजताना गप्पा नाहीत. उलट प्रकार जास्त फसवा आहे: दवाखान्यात नॉर्मल, घरी किंवा कामावर वाढलेलं. शंका असेल तर चोवीस तासांचं यंत्र लावून घ्या.

११. केमोच्या दिवशी हॉस्पिटलचं गेट दिसलं तरी आईला उलटी होते. औषध तर अजून दिलेलंही नसतं.

हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचं तत्त्व आहे. त्यांच्या कुत्र्यांना अन्नाआधीच्या इशाऱ्यानेच लाळ सुटायची. तुमच्या आईंच्या शरीराने गेट, स्पिरिटचा वास, त्या खुर्चीचा रंग यांची औषधानंतरच्या मळमळीशी जोडी लावली आहे. त्यांची इच्छाशक्ती यात कुठे कमी पडत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

पहिल्या डोसपासूनच उलटी नीट आवरली तर ही जोडी मुळात घट्ट बसत नाही. म्हणून उलटीची गोळी ‘लागली तर घेऊ’ म्हणून बाजूला ठेवू नका, सांगितलेल्या वेळी द्या. बसलेली जोडी सैल करायला श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचे सराव, कानात आवडीची गाणी, वेगळ्या दाराने आत जाणं यांचा उपयोग होतो. त्या दिवशी आवडता पदार्थ खायला देऊ नका. नाहीतर त्याचीही नावड बसते.

हे शिकणं किती खोल जातं ते १९७५ मध्ये रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी दाखवलं. उंदरांना गोड सॅकरिनच्या पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. नंतर नुसतं गोड पाणी दिलं तरी त्यांची प्रतिकारशक्ती खाली गेली.

१२. रक्त काढताना मला चक्कर येते. भीतीने तर बीपी वाढतं ना, मग मी का पडतो?

हा खरा अपवाद आहे. उंची, साप, लिफ्ट यांच्या भीतीत बीपी वाढतं. रक्त आणि सुईच्या भीतीत बऱ्याच जणांचं ते क्षणभर वाढून एकदम कोसळतं, म्हणून शुद्ध जाते. त्यामुळे ‘अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडू शकतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी वेगळा सराव बसवला. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळून धरा, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडा. असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करा, सुई टोचायच्या हाताला मात्र सैल ठेवा. आणि लॅबमध्ये आधीच सांगा, म्हणजे आडवं झोपवून रक्त घेतील. त्यात लाज कसली!

१३. सगळं कळतं, पण वळत नाही. तंबाखू सुटत नाही, चालायला जाणं होत नाही. मनच कमकुवत आहे का?

अमेरिकेत १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी मोफत एक्स-रेची सोय केली होती, तरी लोक येत नव्हते. का, हे शोधताना आरोग्य-श्रद्धांचं एक प्रारूप तयार झालं. मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का? झाला तर गंभीर आहे का? केलेल्याचा फायदा होईल का? आणि आड काय येतं? या चारांची उत्तरं माणूस मनात जमवतो. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये पाचवी गोष्ट मांडली: ‘हे मला जमेल’ हा विश्वास. तंबाखूच्या पुडीवरचं भयानक चित्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, पाचव्याचं नाही. म्हणून नुसतं घाबरवून फारसं साधत नाही.

शिवाय तंबाखूचा आनंद काही सेकंदांत मिळतो आणि तोटा वीस वर्षांनी. मेंदू जवळच्या बक्षिसाकडेच झुकतो. त्यावर इलाज म्हणजे ठराव मोठा करण्यापेक्षा प्रसंग बांधून घेणं: ‘जेवण झालं की हात धुऊन लगेच बडीशेप तोंडात टाकीन आणि जिना उतरून खाली जाईन.’ कधी, कुठे, काय हे ठरलेलं असलं की गोष्ट घडण्याची शक्यता वाढते. तलफ फार असेल तर निकोटिनचा च्युइंगगम किंवा औषधं घ्या. त्यात कमीपणा नाही.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विसरा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं, कोणाला १८ तर कोणाला २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही.

१४. बरं वाटलं की गोळ्या बंद कराव्याशा वाटतात. त्यात काय चुकलं?

बरं वाटणं हा गोळी थांबवण्याचा इशारा आहे, हे आपण तापाच्या आजारांतून शिकलेलो असतो. बीपीला हा नियम लागू नाही, कारण त्यात मुळात काही वाटतच नाही. टीबीत खोकला-ताप काही आठवड्यांत जातो, पण नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. अर्ध्यावर सोडला तर औषधाला दाद न देणारे जंतू उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांचे निम्मेच रुग्ण औषधं नीट घेतात, तेव्हा हा तुमच्या एकट्याचा दोष नाही. गोळ्यांचं पाकीट रोजच्या ठरलेल्या कामाजवळ ठेवा, देवपूजेच्या ताटाशेजारी किंवा चहाच्या डब्याला लागून.

पैशामुळे बंद केली असेल तर तसं सांगा. स्वस्त पर्याय बहुधा असतो.

१५. डॉक्टर काय म्हणाले ते घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतो. वयामुळे का?

वयाचा वाटा आहे, पण भीतीचाही. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के लगेच विसरली जाते असं संशोधन सांगतं. ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकूच येत नाही. तीन प्रश्न लिहून न्या, सोबत कोणाला तरी न्या, आणि उठण्याआधी म्हणा, ‘मला काय कळलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा.’ नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, ‘समजलं ना?’ असं विचारू नका. मोठी माणसं मान डोलावतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते सांगा बघू, आजी’ असं विचारा.

१६. एक डॉक्टर म्हणाले ‘९० टक्के लोक वाचतात’, दुसरे म्हणाले ‘१० टक्के दगावतात’. दुसरं ऐकून आम्ही ऑपरेशन रद्द केलं.

आकडा एकच आहे. १९८२ मध्ये बार्बरा मॅक्नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल हाच प्रयोग केला. मरणाच्या भाषेत सांगितलं की शस्त्रक्रिया निवडणारे कमी झाले, आणि हा फरक डॉक्टरांतही दिसला. त्यामुळे आकडा नेहमी दोन्ही बाजूंनी मागा: शंभरातले किती वाचतात, किती दगावतात, आणि ऑपरेशन केलंच नाही तर शंभरातल्यांचं काय होतं? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारायचाच विसरतात.

१७. सकारात्मक विचार केला तर कॅन्सर बरा होतो का?

कॅन्सर बरा करण्याची ताकद विचारांत असल्याचा पुरावा नाही. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात आधारगटात येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया जास्त जगल्या, म्हणून खूप आशा निर्माण झाली होती. पुढे २००१ मध्ये मोठ्या अभ्यासात आणि २००७ मध्ये स्पीगल यांच्याच नव्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २००१ च्या अभ्यासात मात्र मनाची अवस्था सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या. तेवढ्यासाठीही आधारगट मोलाचा आहे.

‘हिंमत हरू नकोस, तरच बरी होशील’ असं म्हणताना आपण पेशंटवर नकळत एक ओझं टाकतो. आजार बळावला की तिला वाटतं, मीच कमी पडले. तिला रडू द्या. रडण्याने गाठ वाढत नाही.

१८. बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका, असं आम्ही डॉक्टरांना म्हटलंय. ते खचतील. बरोबर केलं ना?

प्रेमापोटीच केलंत. पण केमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला बहुधा अंदाज असतोच. मग तो तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आणि तुम्ही त्याला त्रास नको म्हणून गप्प. घरात सगळे असून तो एकटा पडतो. बँकेची कागदपत्रं, भावाशी धरलेला अबोला, गावाला एकदा जाऊन येणं, हे राहून जातं. स्वतःच्या आजाराची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्कही आहे.

सगळं एका दमात सांगायची गरज नसते. आधी विचारा, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, हे कशाचे उपचार चाललेत?’ मग, ‘सगळं जाणून घ्यायचंय की निर्णय आमच्यावर सोपवायचेत?’ काही जण खरोखर म्हणतात, तुम्हीच बघा. ती त्यांची निवड असेल तर तिचा मान राखा. ती त्यांना न विचारता तुम्ही करू नये, एवढंच.

१९. ऑपरेशननंतर आजोबा रात्री भलतंच बोलायला लागले, सलाईन ओढून काढतात. वेड लागलं का? की म्हातारपणचा विसराळूपणा?

बहुधा दोन्ही नाही. काही तासांत किंवा दिवसांत सुरू झालेला, कमी-जास्त होणारा, रात्री वाढणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो, हा अचानक येतो. याच्या मुळाशी शारीरिक कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, ऑक्सिजन कमी पडणं, नवीन झोपेची गोळी, किंवा रोजची दारू अचानक बंद होणं. म्हणून लगेच नर्सला, डॉक्टरांना सांगा. गप्प पडून राहणारे, उठवल्यावर डोळे मिटणारे आजोबाही याच अवस्थेत असू शकतात आणि ते ‘शांत आहेत’ म्हणून सुटून जातात.

वर वागण्यातला बदल दिसतो आणि खाली शरीराचं कारण असतं, असे आणखी आजार आहेत. थायरॉइड कमी असेल तर माणूस उदास आणि मंद होतो. बी-१२ ची कमतरता, जी शाकाहारी मंडळींत बरीच आढळते, विस्मरण आणि चिडचिड घेऊन येते. म्हणून पहिल्यांदाच, विशेषतः उतारवयात, स्वभाव बदलला तर रक्ताच्या तपासण्या आधी.

डिलिरियममध्ये घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरून आणून द्या. दिवसा खिडकी उघडी, रात्री मोठे दिवे बंद. भिंतीवर घड्याळ आणि तारीख दिसेल असं करा. ओळखीचं एक माणूस कायम जवळ असू द्या. ते म्हणाले ‘मला कामावर जायचंय’ तर वाद घालू नका, हात धरून हळू आवाजात सांगा: ‘आजोबा, मी तुमचा नातू. आपण दवाखान्यात आहोत, ऑपरेशन झालंय, सकाळी आई येणार आहे.’ दहा वेळा विचारलं तर दहा वेळा सांगा.